घरघर आणि जवारी

नको असलेल्या आवाजांच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. जात्याची घरघर, डासाची गुणगुण, रेडिओची खरखर, कोऱ्या वहाणेची करकर, बिजागरीची कुरकुर, रातकिड्याची किरकिर! वर्गात ही यादी मी फळ्यावर लिहू लागलो की शेवटच्या बाकावरची कुजबूजही आपण होऊन तीत सामील होते. हव्या असलेल्या आवाजांनाही रुणझुण, किणकिण, झुळझुळ असे शब्द आहेत, नाही असे नाही. पण पारडे झुकते ते तक्रारीकडेच. आवाज गोड असला की माणूस मुकाट्याने ऐकतो. कुरकुर करायची झाली म्हणजे त्याला शब्द सुचतात.

या श्रीमंतीत गेल्या वर्षी आमच्या घराने एका शब्दाची भर घातली. तो शब्द म्हणजे 'घूं', आणि त्याची जननी म्हणजे आमच्या मातोश्री. आईचे वय 76. डोळे अधू झाले आहेत. पण कान असे की स्वयंपाकघरातला नळ नीट बंद झालेला नाही, हे ती आपल्या खोलीतून सांगते. लहानपण मिरजेत गेले, चार वर्षे गाणे शिकली, आणि लग्नानंतर गाणे सुटले तरी तिथला तंबोरा मात्र तिने सुटू दिला नाही. तो तिच्या खोलीच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो. त्या खोलीला लागून चिरंजीवांची खोली, आणि मध्ये चार इंचांची भिंत.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि विजेवरची गिटार वाजवतात. दिवसा कॉलेज, संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या, म्हणून वाजवायला वेळ सापडतो तो रात्री दहानंतर. तोही बिचारा आवाज अगदी बारीक ठेवून वाजवतो. एके रात्री आईने मला हाक मारली.

"तुझ्या मुलाचं ते घूं पुन्हा सुरू झालं बघ."

"वाजवतोय तो, आई. थांबायला सांगू का?"

"वाजवतो त्याबद्दल माझी तक्रार नाही रे. न वाजवता आवाज करतो, त्याबद्दल आहे."

हे वाक्य ऐकून मी चिरंजीवांच्या खोलीत डोकावलो. आईचे निदान तंतोतंत होते. तो वाजवत असला की घूं सुरांखाली दडून बसे. बोटे थांबली की पाण्यातून म्हशीने डोके वर काढावे तशी ती वर येई. सौ.ने तोड सुचवली, "कानाला इयरफोन लाव आणि वाजव की!" त्यावर आई पलीकडून म्हणाली, "म्हणजे मला ऐकूच यायचं नाही!" चिरंजीवांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, कोथरूडला मित्राची खोली आहे. मी रात्री तिथंच वाजवत जाईन. उशीर झाला तर तिथंच झोपेन."

यात राग नव्हता, आणि म्हणूनच मी जरा घाबरलो. वीस वर्षांचा मुलगा रात्री मित्राच्या खोलीवर राहू लागला म्हणजे पुढे काय होते, हे घरोघरच्या वडिलांना ठाऊक आहे. काही वाईट होत नाही. फक्त तो हळूहळू पाहुणा होतो. म्हणून मी म्हणालो, "त्याआधी हे घूं येतं कुठून ते तर मला सांग."

मराठीच्या प्राध्यापकाला वीज समजावून सांगायची म्हणजे धीराचे काम. पण मुलगा शिकवण्या घेतो, त्याला सवय आहे. त्याने सांगितलेले सार असे. गिटारच्या तारांखाली जी लांबट पट्टी दिसते तिला पिकप म्हणतात. तिच्यात प्रत्येक तारेखाली एक अशा लोहचुंबकाच्या सहा कांड्या असतात, आणि त्या सगळ्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेची एक क्षीण लहर उमटते. 1831 साली मायकेल फॅराडेने दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. पुढे तीच लहर मोठी केली की आवाज.

"मग घूं?"

"घूं म्हणजे आपल्या घरातली वीज, बाबा. ती सेकंदाला 50 वेळा मागंपुढं होते. पंखा, फ्रिज, चार्जर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, सगळ्यांभोवती तसंच चुंबकीय क्षेत्र हलत असतं. पिकपच्या वेढ्यांना तार कुठली आणि फ्रिज कुठला, हे कळत नाही. दोघांचंही ते सारख्याच भक्तिभावानं ऐकतात."

म्हणजे दोष असा कशाचाच नाही! ज्या कानाने ते वेटोळे सूर ऐकते त्याच कानाने घरघर ऐकते. हे मला फार विचार करण्याजोगे वाटले. कारण यातून पुढची अडचण आपोआप निघते: घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्या कानात बोळा घालाल, तर सुराचे काय?

ही अडचण आमच्या घरात उपजलेली नाही. तिचे माहेर अमेरिका. तिथे विजेची गिटार 1932 च्या सुमारास बाजारात आली. ती रिकनबॅकर कंपनीची होती आणि दांड्याच्या तव्यासारखी दिसे, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणत. पुढे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 1954 साली 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (समीक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) तिच्यात एकेरी वेढ्यांची तीन पिकप होती. या एकेरी पिकपला 'सिंगल कॉइल' म्हणतात. त्याचा आवाज स्वच्छ, टोकाला काचेसारखा चमकणारा. आणि त्या चमकीच्या पाठीला पाठ लावून घूं. अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 फेरे घेते, म्हणून तिथली घूं आपल्यापेक्षा थोडी चढ्या पट्टीतली, एवढाच फरक.

घूंवर खरा उतारा शोधला तो गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने. त्याने 1955 साली पेटंटचा अर्ज केला, ते 1959 साली मंजूर झाले, आणि मधल्या काळात 1957 पासून त्याची पिकप गिटारवर बसूही लागली. युक्ती साधी. वेढ्यांची दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची. एकाचे वेढे सुलटे, दुसऱ्याचे उलटे, आणि चुंबकही एकाचे उत्तर तर दुसऱ्याचे दक्षिण. बाहेरची घरघर दोघांत शिरते. पण एकात ती वर जाते तेव्हा दुसऱ्यात खाली, आणि बेरीज शून्य. तारेच्या बाबतीत मात्र वेढे उलटे आणि चुंबकही उलटा, म्हणून दोन उलट्यांचे सुलटे होते आणि सूर दुप्पट. याला म्हणतात 'हंबकर', म्हणजे घूंला टक्कर देणारा. व्याकरणात दोन नकारांचा एक होकार होतो हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्यातून कोणी संगीत काढले असेल याची मला कल्पना नव्हती.

"मग बसवून टाक की हंबकर!" मी म्हणालो.

"घूं जाईल, बाबा. पण आवाजही जाईल."

कारण ही दोन वेटोळी तारेला एकाच जागी ऐकत नाहीत, शेजारच्या दोन जागी ऐकतात. सुरातल्या अतिसूक्ष्म, उंच लहरी दोन जागी एकाच वेळी सारख्या नसतात. त्या आपसांतच खोडल्या जातात. शिवाय वेढे दुप्पट झाले की वरची चमक मुळातच खाली उतरते. आवाज भरदार होतो, उबदार होतो, पुष्कळांना तो आवडतोही. पण ती काच राहत नाही. एवढे सांगून झाल्यावर चिरंजीव योग्य उपमा शोधत असावेत. ती भिंतीपलीकडून आली.

"जवारीचा दोरा काढल्यासारखं होत असेल!"

ज्यांच्या घरी तंबोरा नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची तार ज्या रुंद घोडीवरून जाते तिथे तारेखाली एक सुती धागा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी बसला की तार घोडीच्या पाठीला किंचित घासून बोलते आणि नुसत्या 'टण्'ऐवजी तो झगमगणारा, लांबत जाणारा नाद निघतो. तीच जवारी. शुद्ध तर्काने पाहिले तर जवारी हीही एक घरघरच! पण ती काढली तर तंबोऱ्यात उरते काय? तेव्हा प्रश्न 'आवाज की शांतता' असा नव्हताच. घूं जावी आणि जवारी राहावी, असा होता.

आता याची औषधे. पहिले औषध स्वस्त असते हा आमच्या घरचा नियम, म्हणून आधी चिरंजीवांनी रोग नक्की कोणता ते पाहिले. गिटार हातात धरून ते खुर्चीत गोल फिरले. एका दिशेला घूं वाढली, दुसरीकडे तोंड करताच बरीच कमी झाली. याचा अर्थ ती चुंबकीय क्षेत्रातून येणारी. पिकपनेच बरी होणारी. मग तारांवरचा हात काढला, तर घूंच्या वर एक निराळी किरकिर ऐकू आली, आणि हात ठेवताच ती दबली. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या घरात असला की तिला विशेष जोर येई. ही दुसरी व्याधी. ती विद्युतक्षेत्रातून येते, आणि तिला महागडे पिकप हे औषधच नव्हे. तिच्यासाठी गिटारच्या पोटात तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थिंगच्या तारेला जोडावा लागतो. चिरंजीवांनी एका रविवारी ते केले. किरकिर बरीचशी गेली. घूं जिथल्या तिथे. चुंबकीय क्षेत्राला पातळ तांबे अडवू शकत नाही, हे मीही त्या दिवशी शिकलो. ज्या वाचकांच्या घरी असा वाद्यवेडा मुलगा असेल, त्यांनी पैसे काढण्याआधी ही खुर्चीची परीक्षा जरूर करून घ्यावी.

दुसरे औषध 'नॉइज गेट' नावाच्या पेटीचे. ही पेटी म्हणजे कडक दरवान. सूर एका मर्यादेखाली गेला की दार बंद. वाजवणे थांबले की घूं गडप! मला वाटले, प्रश्न सुटला. पण मित्राकडून आणलेली पेटी लावली तेव्हा आई म्हणाली, "सुराची शेपटी कोण तोडतं रे?" खरेच होते. तार हळूहळू विरत जाते, तेही या दरवानाला चालत नव्हते. तो निरोप घेणाऱ्या पाहुण्याच्या बोटांवरच दार लावत होता. हळू वाजवणाऱ्याला तर हे फारच जाचक.

तिसरे औषध गिटारमध्येच होते. हल्लीच्या पुष्कळ गिटारींत मधले पिकप उलट्या वेढ्यांचे आणि उलट्या चुंबकाचे बसवतात. शेजारच्या पिकपबरोबर त्याची जोडी लावली की दोघे मिळून हंबकरसारखे घूं मारतात. पण नुसते गळ्याजवळचे एकच पिकप लावले की पुन्हा घूं. आणि चिरंजीवांचा जीव नेमका त्या एकट्या पिकपवर.

राहिले चौथे: बिनआवाजाची, म्हणजे 'नॉइजलेस' पिकप. यांत दुसरे वेटोळे शेजारी न ठेवता पहिल्याच्या खाली ठेवतात. म्हणजे दुमजली घर. तारेचे बोलणे वरच्या मजल्याला स्पष्ट ऐकू येते. घरघर दोन्ही मजल्यांना सारखीच. खालच्याचे वरच्यातून वजा केले की घूं जाते. तारेला ऐकण्याची जागा एकच राहते, म्हणून ती उंच लहरींची काटछाट होत नाही. पण दुमजली घरात राहिलेल्यांना ठाऊक आहे, वरचे बोलणे खाली थोडेतरी ऐकू जातेच! ते थोडे सूरही वजा होतात, आवाज दुबळा पडतो. तो भरून काढायला वेढे वाढवावेत तर चमक खाली उतरते. म्हणून कोणी दोन मजल्यांत पोलादाचा पडदा घालतो, कोणी वेटोळी वेगळ्या जाडीच्या तारेची करतो. 1987 साली फेंडरच्या गिटारींवर 'लेस सेन्सर' नावाची कमी घरघरीची पिकप आली आणि एरिक क्लॅप्टनसारख्या मातबर वादकाने ती वापरली. पुढे त्याने नॉइजलेसही वापरली. तरीही जुन्याशी इमान राखणारे वादक जगभर आहेत, आणि ते घूं सोसतात.

"पण जुना आवाज म्हणजे नक्की कोणता?" मी विचारले. पाठभेद पाहिल्यावाचून संहिता मान्य करायची नाही, ही आमच्या विषयाची खोड. चिरंजीव हसले. म्हणाले, यालाही उत्तर नाही. 1950 च्या दशकात पिकपचे वेढे घेताना यंत्र फिरे, पण तार बोटांतून सोडली जाई ती कामगार बायकांच्या. वेढे कधी चार कमी, कधी दोनशे जास्त. 1956 साली फेंडरमध्ये लागलेल्या अबिगेल इबारा यांच्या हातची पिकप तर आजही नावाने ओळखली जातात. दोन पिकप हुबेहूब एकसारखी नसत. म्हणजे ज्या जुन्या आवाजाच्या मागे जग लागले आहे, तो एक नाहीच. ते एक कुटुंब आहे. नव्याने त्या कुटुंबात शोभावे एवढीच अपेक्षा रास्त.

एका मित्राच्या गिटारवर दुमजली पिकप होती. ती गिटार घरी आली. दोन्ही गिटारी एकाच पेटीला, एकाच तारेने जोडायच्या आणि दोन्हींचा आवाज आधी समान करायचा. कारण जो जरा मोठा तो नेहमीच जास्त गोड वाटतो. (सभेतल्या वक्त्यांनाही हा नियम लागू आहे.) मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आईला तशी गरज नव्हती. तिने नुसते डोळे मिटले.

मला दोन्ही सारखेच वाटले. आई मात्र दहातल्या आठ वेळा बरोबर ओळखत गेली. "ही जुनी. टोकाला चमक आहे. ही नवी. आवाज पुसून घेतल्यासारखा आहे. वाईट नाही, पण पुसलेला." चिरंजीवांचा चेहरा उतरला. चार शिकवण्यांचे सहा महिन्यांचे पैसे त्यांनी यासाठी साठवले होते, आणि आजी म्हणत होती पुसलेला!

पण मुलगा चिवट आहे. त्याने दोन गोष्टी केल्या. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणामागे एक रोधक असतो. सिंगल कॉइलसाठी तो बहुधा 250 किलोओमचा आणि हंबकरसाठी 500 चा घालतात. मित्राच्या परवानगीने त्याने 250 चा काढून 500 चा जोडला. त्याने वरची चमक थोडी मोकळी झाली. मग पिकप तारांपासून जरा खाली उतरवली. चुंबक फार जवळ असला की तो तारेलाच ओढून धरतो आणि तिला मोकळे डोलू देत नाही. पुन्हा परीक्षा झाली. या वेळी आई दहातल्या सहा वेळाच बरोबर आली.

"आता?" चिरंजीवांनी विचारले.

"आता जवळ आलंय. फरक आहे, पण शोधावा लागतो."

"आजी, शोधणारी तू एकटीच आहेस!"

"मी आहे तोवर आहे," आई म्हणाली. "पण घूं गेलं ना? मग घे. आणि ती जुनी टाकू नकोस."

तशी ती घेतली. जुनी तीन पिकप मऊ फडक्यात गुंडाळून, कोणती कुठली ते लिहून, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली आहेत. एखाद्या स्टुडिओत, जिथे वीज सभ्यपणे वागते, तिथे ध्वनिमुद्रणाचा योग आला तर ती पुन्हा बसवायची, असा बेत आहे. माझ्या मते निवड अशीच करावी. आपण ऐकणार कुठे, ऐकवणार कोणाला, हे आधी ठरवावे. काय गमावले ते नीट ओळखून ठेवावे. आणि परतीची वाट माळ्यावर असू द्यावी. कोथरूडच्या खोलीचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

एक नवी अडचण तेवढी उभी राहिली आहे. पूर्वी घूं ऐकू आली की नातू खोलीत आहे, हे आईला भिंतीपलीकडून कळत असे. आता तो वाजवायचा थांबला की काहीच ऐकू येत नाही. मग अकराच्या सुमारास हाक येते, "आहेस का रे?"

चिरंजीव तोंडाने उत्तर देत नाहीत. एक तार छेडतात, आणि ती पुरती विरेपर्यंत कोणी काही बोलत नाही.